मॉडेल रेल्वेचं इंजिन हलत नाही? मोटर बदलण्याआधी वीज कुठे अडली ते शोधा

पावसाळा संपतो, माळ्यावरचा खोका खाली येतो, रूळ जोडले जातात, कंट्रोलरची खुंटी फिरवली जाते आणि इंजिन जागचं हलत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे दरवर्षी अनेक घरांत घडतं. कुणी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून हौसेनं सेट घेतलेला असतो, कुणाला परदेशातल्या मामा-काकांचा जुना सेट मिळालेला असतो. निष्कर्ष मात्र सगळ्यांचा एकच: मोटर जळली. बहुतेक वेळा ती जळलेली नसते. या मोटरी फार चिवट असतात. चाळीस-पन्नास वर्षं जुनी मोटर साफसफाई करून पुन्हा धावणं यात काही विशेष नाही. म्हणून चांगली मोटर कचऱ्यात जाताना पाहिली की वाईट वाटतं.

इथं जे सांगतो आहोत ते दोन रुळांवरून १२ व्होल्ट डीसी घेणाऱ्या इंजिनांसाठी आहे. म्हणजे एचओ (प्रमाण १:८७), ब्रिटिश ओओ (१:७६) आणि एन (१:१६०). एचओ आणि ओओच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं, एनचं ९ मिलिमीटर. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीच्या, रुळांमधल्या खिळ्यांवरून वीज घेणाऱ्या इंजिनांची रचना वेगळी असते, त्यांना यातलं सगळं लागू होणार नाही. डिजिटल इंजिनांबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

## वीज कुठून कुठे जाते

कंट्रोलरमधून दोन वायरी निघतात, एकेक वायर एकेका रुळाला. रुळावरून वीज चाकात येते. चाकाच्या मागे पितळेची किंवा फॉस्फर ब्राँझची पातळ पत्ती टेकलेली असते, ती वीज गोळा करून मोटरीच्या टर्मिनलपर्यंत नेते. तिथून ती कार्बन ब्रशमध्ये जाते. हा कार्बनचा छोटा तुकडा असतो आणि स्प्रिंग त्याला दाबून धरते. ब्रश टेकतो कम्युटेटरवर, म्हणजे मोटरीच्या दांड्यावर बसवलेल्या, तीन किंवा पाच तुकड्यांत कापलेल्या तांब्याच्या गोल कड्यावर. या तुकड्यांना तारेची वेटोळी जोडलेली असतात. वेटोळ्यांसकट फिरणाऱ्या भागाला आर्मेचर म्हणतात आणि त्याच्या भोवती कायमचुंबक असतो. दांड्याच्या टोकाला वर्म असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर. तो खालचं दातेरी चाक फिरवतो आणि त्यातून इंजिनाची चाकं फिरतात. दुसऱ्या ब्रशमधून वीज उलट्या वाटेनं दुसऱ्या रुळात परत जाते.

या वाटेत नुसते टेकलेले, म्हणजे सोल्डर न केलेले, जोड मोजून पाहा. रुळाची जोडपट्टी, रूळ-चाक, चाक-पत्ती, ब्रश-कम्युटेटर, आणि परतताना हेच सगळे पुन्हा एकदा. बिघाड बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या जोडात सापडतो. वेटोळ्याची तार मुलामा चढवलेली आणि बंदिस्त असते, तिला सहसा काही होत नाही. धूळ, गंज आणि तेलाची साय बसते ती या उघड्या जोडांवर.

## सुरू होण्याचा क्षण सगळ्यात कठीण

चालणारी मोटर स्वतःच थोडी वीज निर्माण करते आणि ती येणाऱ्या विजेला विरोध करते. याला बॅक ईएमएफ म्हणतात. त्यामुळे धावणारं इंजिन कमी करंट घेतं, आजकालच्या एचओ इंजिनांत साधारण ०.१ ते ०.३ अँपिअर. मोटर थांबलेली असताना हा विरोध शून्य असतो. वेटोळ्यांचा रोध २० ओहम धरला आणि १२ व्होल्ट दिले, तर १२ भागिले २० म्हणजे ०.६ अँपिअर करंट जातो. शिवाय थांबलेल्या गिअरला हलवायला फिरत्या गिअरपेक्षा जास्त जोर लागतो. एकंदरीत, सुरू होताना मोटरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट हवा असतो, आणि मळलेला जोड नेमका तिथेच कमी पडतो.

याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. ०.६ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे ७.२ वॉट. मोटर फिरत नसेल तर ही सगळी शक्ती सुपारीएवढ्या आर्मेचरमध्ये उष्णता होऊन साठते. इंजिन हलत नाही म्हणून खुंटी पूर्ण फिरवून वाट पाहत बसलात, तर धडधाकट मोटर खरोखर जळेल. दोन-तीन सेकंदांत हललं नाही तर खुंटी शून्यावर आणा.

आणखी एक गोष्ट करू नका: इंजिन रुळावर दाबून पुढे ढकलणं. वर्म चाकं फिरवू शकतो, पण चाकं वर्मला फिरवू शकत नाहीत. ढकलल्यानं प्लॅस्टिकचे दाते मोडतात.

## आवाज ऐका

इंजिन पूर्ण गप्प असेल, तर मोटरीपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा ब्रशपाशी वाट तुटली आहे. बारीक गुणगुण येते पण हालचाल नाही, किंवा इंजिन हाताला गरम लागतं, तर वीज पोहोचते आहे आणि काहीतरी अडकलं आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाकं स्थिर आहेत, तर विजेचा प्रश्नच नाही, गिअर सुटला किंवा चिरला आहे. कंट्रोलरचा दिवा विझतो किंवा त्यातून टक्‌ असा आवाज येतो, तर शॉर्ट आहे.

पाचवा प्रकार फसवा आहे. बोटानं किंचित टिचकी मारली की इंजिन धावतं, आणि थांबलं की पुन्हा टिचकी लागते. तीन तुकड्यांच्या कम्युटेटरमध्ये एक तुकडा मळलेला असेल किंवा एक वेटोळं तुटलेलं असेल, तर मोटर त्या जागी थांबल्यावर उठत नाही. गती असताना ती त्या जागेवरून निघून जाते, म्हणून धावताना दोष कळत नाही.

## पंधरा-वीस रुपयांचं हत्यार: गाडीचा बल्ब

मल्टीमीटर हवाच, पण त्याआधी एक बल्ब घ्या. गाड्यांच्या पार्किंग लाइटला लागणारा १२ व्होल्ट ५ वॉटचा साधा काचेचा बल्ब कुठल्याही गॅरेजजवळच्या दुकानात मिळतो. एलईडीचा चालणार नाही, आत तारच हवी. त्याला दोन वायरी सोल्डर करा. पूर्ण उजळल्यावर हा बल्ब ०.४२ अँपिअर घेतो, म्हणजे सुरू होणाऱ्या इंजिनाच्या जवळपास.

कंट्रोलरपासून रुळाकडे जाणारी एक वायर सोडवा आणि मध्ये हा बल्ब जोडा. आता वीज बल्बमधून जाऊनच इंजिनात पोहोचेल. इंजिन रुळावर ठेवा, खुंटी पूर्ण फिरवा आणि बल्बाकडे पाहा.

बल्ब लखलखीत पेटला, तर इंजिनात शॉर्ट आहे. बल्ब अजिबात पेटला नाही आणि इंजिन गप्प आहे, तर वाट कुठेतरी तुटली आहे. बल्ब मध्यम, पिवळसर पेटला आणि इंजिन हललं नाही, तर मोटरीतून करंट जातो आहे पण ती अडकली आहे. बल्ब पेटल्यासारखाही वाटत नाही आणि इंजिन हळूहळू चालू लागलं, तर मोटर बरी आहे. शिवाय शॉर्ट असला तरी करंट बल्बच अडवतो, त्यामुळे तपासताना कंट्रोलर किंवा मोटर जळायची भीती राहत नाही. ही चाचणी फक्त साध्या डीसी कंट्रोलरवर करा, डिजिटलवर करू नका.

## "मीटर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे रूळ ठीकच आहेत ना?"

हा प्रश्न हमखास येतो. सकाळी पाणी कमी दाबानं येत असताना नळ बंद ठेवला तर पाइप भरलेलाच असतो. नळ सोडला की बारीक धार पडते आणि बादली काही भरत नाही. मल्टीमीटर हा बंद नळ आहे. तो जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. इंजिनानं अर्धा अँपिअर मागितला की तेच व्होल्टेज कोसळतं.

म्हणून मोजायचं ते भार लावून. बल्ब आता मधून काढा आणि त्याच्या दोन वायरी दोन रुळांवर टेकवा. त्याच जागी मीटरही लावा. आधी कंट्रोलरजवळ, मग वर्तुळाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला. दोन्हीकडे बल्ब सारखाच उजळ हवा आणि मीटरमधला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एखाद्या जोडपट्टीच्या पुढे बल्ब मंदावला तर दोष त्या पट्टीत आहे. पट्टी पकडीनं हलकेच दाबून घट्ट करा, किंवा लांबच्या टोकाला वायरींची आणखी एक जोडी द्या. मोठ्या वर्तुळाला हाच टिकाऊ उपाय आहे.

रूळ पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुढे आयपीए) आणि जुन्या सुती बनियनचा तुकडा पुरतो. काळेपणा निघेपर्यंत कापडाची जागा बदलत पुसा. सँडपेपर लावू नका. तो चकाकी देतो, पण बारीक ओरखडे पाडतो आणि त्यात पुढची घाण जास्त लवकर बसते. भांड्यांची तारेची घासणी तर रुळाजवळही आणू नका. तिचे बारीक तुकडे मोटरीचा चुंबक ओढून घेतो आणि ते आर्मेचरच्या फटीत अडकतात. निकेल सिल्व्हरच्या रुळांवर (नावात सिल्व्हर असलं तरी ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं) थोडा काळपटपणा चालतो, वीज जाते. जुन्या सेटचे लोखंडी रूळ मात्र पावसाळ्यात तांबड्या गंजानं भरतात आणि गंज वीज नेत नाही.

## "पण इंजिनाचे दिवे तर लागतात"

लागतील. एलईडीला १० मिलिअँपिअरही पुष्कळ होतात, मोटरीला त्याच्या कितीतरी पट करंट हवा. शिवाय बऱ्याच इंजिनांत दिव्यांची वाट आणि मोटरीची वाट पत्तीनंतर वेगळी होते. दिवे लागल्यानं एवढंच कळतं की चाकांपर्यंत थोडीतरी वीज येते आहे.

## चाकं, पत्त्या आणि टेंडर

आता इंजिन उलटं करा. मऊ टॉवेलवर किंवा फोमवर ठेवा, नाहीतर छतावरचे बारीक भाग मोडतात. चाकांच्या कडेला काळा, डांबरासारखा थर दिसेल. तो इअर बड आयपीएत बुडवून काढा. ज्या चाकांवर रबराची कडी आहेत ती वीज घेत नाहीत, त्यांना आयपीएनं घासू नका, रबर फुगतं. आयपीए इंजिनाच्या रंगावर आणि छापलेल्या अक्षरांवर जाऊ देऊ नका.

मग पत्त्या पाहा. प्रत्येक पत्ती चाकाच्या मागच्या बाजूला टेकलेली आहे का? चाक आडवं थोडं सरकवून पाहा. एका बाजूला सरकल्यावर पत्ती सुटत असेल, तर वळणावर इंजिन मरणार. लाकडी टूथपिकनं पत्ती किंचित वाकवा. जास्त दाब दिला तर तीच ब्रेक बनते. मीटर ओहमवर ठेवून एक टोक चाकाला आणि दुसरं त्याच बाजूच्या मोटर-टर्मिनलला लावा. एक ओहमपेक्षा कमी आकडा हवा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचे दोन-तीन दशांश ओहम त्यातून वजा धरा.

वाफेच्या इंजिनांच्या मॉडेलमध्ये एक खास गोष्ट असते. कित्येकांत इंजिनाची चाकं एका रुळावरून वीज घेतात आणि टेंडरची चाकं, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्याची, दुसऱ्या रुळावरून. दोन्हींना जोडणारी धातूची दांडीच वायरीचं काम करते. ही दांडी किंवा तिचा खिळा काळा पडला की इंजिन पूर्ण गप्प होतं. टेंडर न जोडता नुसतं इंजिन रुळावर ठेवून "मेलंय" म्हणणारे तर अनेक असतात. दांडीचं भोक आणि खिळा आयपीएनं पुसून आधी ते जोडून पाहा.

साफ करताना चाकं काढली असतील, तर परत बसवताना लक्ष द्या. अनेक जोडचाकांत एकच चाक प्लॅस्टिकच्या बुशनं आसापासून वेगळं केलेलं असतं. जोडी उलटी बसली की दोन रूळ आसामधून थेट जोडले जातात आणि शॉर्ट होतो.

## ९ व्होल्टची बॅटरी

रूळ, चाकं, पत्त्या झाल्या तरी इंजिन हलत नसेल, तर वरचं आवरण काढा. स्क्रू कुठल्या भोकातला होता ते कागदावर लिहून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. मग ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या दोन वायरी थेट मोटरीच्या टर्मिनलना लावा. डिजिटल डिकोडर (डिजिटल इंजिनात मोटरीला वीज देणारी छोटी पाटी) असेल तर आधी मोटरीच्या वायरी त्यापासून सोडवा, नाहीतर डिकोडर जाईल.

मोटर फिरली, तर ती निर्दोष आहे आणि दोष टर्मिनलच्या अलीकडे आहे. अशा वेळी टर्मिनलजवळ सोल्डर केलेल्या बारीक भागांकडे पाहा. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून तिथं चोक असतात, दिसायला रेझिस्टरसारखे. चोक आतून तुटला तर वीज तिथेच थांबते. ब्रशांमध्ये जोडलेला छोटा कपॅसिटर कधी शॉर्ट होतो, पण ते क्वचित.

बॅटरीनंही मोटर फिरली नाही, तर मोटरीच्या आत जावं लागेल.

## ब्रश आणि कम्युटेटर

ब्रश काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग उडते आणि मग सापडत नाही, म्हणून मोटर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तिच्यातच हात घालून काम करा. ब्रश आला त्याच बाजूला आणि त्याच दिशेनं परत गेला पाहिजे. त्याचं टोक कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे झिजून बसलेलं असतं.

ब्रश इतका झिजला असेल की स्प्रिंग त्याला धड दाबत नाही, तर बदलायला झाला. स्प्रिंग गरम होऊन नरम पडली असेल तर तीही बदला. ताणून लांब केलेली स्प्रिंग फार टिकत नाही, आणि जास्त जोराची स्प्रिंग कम्युटेटर खाते. ब्रिटनच्या ट्राय-अँग आणि नंतर हॉर्नबीच्या जुन्या एक्स०४ मोटरीत एकच स्प्रिंग दोन्ही ब्रश दाबते आणि तिच्या एका हातावर इन्सुलेशनची छोटी नळी असते. ती नळी हरवली की शॉर्ट होतो. या मोटरीच्या "जळलेल्या" नमुन्यांत ही नळी आधी शोधा.

कम्युटेटर तांब्याच्या रंगाचा किंवा थोडा तपकिरी असावा. काळा असेल तर आयपीए लावलेल्या इअर बडनं, दांडा फिरवत पुसा. त्यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं आहे: तुकड्यांमधल्या फटी. ब्रशची झीज म्हणजे कार्बनची भुकटी, आणि ती वीज नेते. फटीत साचली की शेजारचे दोन तुकडे जोडले जातात, करंट वेटोळ्यात न जाता भुकटीतून पळतो आणि मोटर गरम होऊन बसते. टूथपिकचं टोक ब्लेडनं चपटं करा आणि प्रत्येक फटीतून एकेकदा ओढा. सुई किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, तांब्याची कड उचलली जाते आणि ती ब्रश कापते. शेवटी आयपीएनं पुसा आणि दहा मिनिटं उघडं ठेवा. आयपीए पेट घेतं आणि ब्रशपाशी ठिणगी पडते, म्हणून ओलं असताना वीज देऊ नका.

## वेटोळं खरंच तुटलं आहे का? तीन आकडे पुरेत

ब्रश बाहेर असतानाच मीटर ओहमवर ठेवा आणि कम्युटेटरच्या तुकड्यांमध्ये मोजा. तीन तुकड्यांच्या मोटरीत तीन मापं येतात: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-पहिला. बहुतेक मोटरींत तिन्ही वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात, त्यावरून हिशेब स्पष्ट होतो.

तिन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर वाइंडिंग चांगलं आहे. मोटरीप्रमाणे आकडा आठ-दहापासून चाळीस-पन्नास ओहमपर्यंत काहीही असू शकतो, पाहायचा तो सारखेपणा. दोन आकडे सारखे आणि तिसरा त्यांच्या दुप्पट असेल, उदाहरणार्थ ३०, ३० आणि ६०, तर एक वेटोळं तुटलं आहे. दुपटीचा आकडा ज्या दोन तुकड्यांमध्ये आला, त्यांच्यामधलंच ते वेटोळं. पुष्कळदा तार कम्युटेटरच्या कानाजवळच, म्हणजे जिथं ती तुकड्याला जोडलेली असते तिथंच, सुटलेली असते, भिंगातून दिसते आणि बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननं परत जोडता येते. एक आकडा जवळपास शून्य आला तर आधी ती फट पुन्हा साफ करा. तरीही शून्यच असेल तर वेटोळं आतून शॉर्ट झालं आहे, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

शेवटचं माप कम्युटेटर आणि दांडा यांच्यामध्ये घ्या. तिथं काहीच आकडा यायला नको. आला तर इन्सुलेशन गेलं आहे.

## वीज आहे, पण जाम आहे

बल्ब मध्यम पेटतो आणि काही फिरत नाही, हा प्रकार बंद खोक्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या इंजिनांत सगळ्यात जास्त दिसतो. कारण जुनं ग्रीस. ते घट्ट होऊन मेणासारखं, कधी डिंकासारखं होतं. मोटर गिअरपासून वेगळी करा आणि दांडा बोटानं फिरवा. मोकळी मोटर सहज फिरते, फक्त चुंबकामुळे हलके ठोके जाणवतात. मोटर मोकळी असेल तर अडथळा गिअरमध्ये आहे. जुनं ग्रीस टूथपिक आणि आयपीएनं पूर्ण काढा. जुन्यावर नवं तेल घातलं तर दोन दिवस चालतं आणि पुन्हा अडतं.

तेल कुठलं, यावर घरोघरी चुका होतात. खोबरेल नको: ते चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, म्हणजे पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात गिअरमध्ये लोणी बसणार, आणि कालांतरानं चिकट होणार. डब्ल्यूडी-४०चा फवाराही नको. तो सगळीकडे उडतो, कम्युटेटरवर बसतो, कार्बनच्या भुकटीत मिसळून लगदा होतो आणि वंगण म्हणून फार टिकत नाही. प्लॅस्टिकला न खाणारं, मॉडेल रेल्वेसाठीचं हलकं तेल घ्या. ते नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, पण आधी सुट्या, टाकाऊ प्लॅस्टिकवर लावून दोन दिवस पाहा. दांड्याच्या दोन्ही बेअरिंगना सुईच्या टोकावरून एकेक थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा. वर्मला प्लॅस्टिक-सेफ ग्रीसचा थोडासा लेप. कम्युटेटरला काहीही नाही.

प्लॅस्टिकचा गिअर आसावर दाबून बसवलेला असतो. वर्षांनी प्लॅस्टिक आकसतं आणि गिअर उभा चिरतो. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्‌टक्‌ होते, इंजिन अडतं, किंवा मोटर फिरते आणि चाकं फिरत नाहीत. चिकटवून उपयोग नाही, गिअर बदलावाच लागतो. काही जुन्या इंजिनांची जस्ताच्या मिश्रधातूची चौकट ओतीव कामातल्या अशुद्धीमुळे फुगते आणि तडकते. चौकटीला भेगा आणि वाक दिसला तर मोटरीवर वेळ घालवू नका.

## डिजिटल इंजिन असेल तर

डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीत, रुळांवर सतत पूर्ण वीज असते आणि इंजिनातला डिकोडर हुकूम वाचून मोटरीला वीज देतो. त्यामुळे आणखी काही प्रश्न येतात. इंजिनाचा पत्ता बरोबर आहे का? नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. पत्ता कुणी बदलला असेल आणि आठवत नसेल, तर बहुतेक कंपन्यांचे डिकोडर सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) ८ लिहिल्यावर मूळ स्थितीला येतात.

प्रोग्रॅमिंग रुळावर, म्हणजे डिकोडरच्या सेटिंग वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, एक उपयोगी खूण मिळते. डिकोडर "वाचलं" असं उत्तर देतो ते साधारण ६० मिलिअँपिअरचा, ६ मिलिसेकंदांचा करंटचा धक्का देऊन, आणि तो धक्का बहुधा मोटरीतूनच काढतो. दिवे हुकमाप्रमाणे लागतात, पण डिकोडर वाचता येत नाही, असं झालं तर मोटरीची वाट तुटली आहे असा दाट संशय घ्या. मोटरीच्या वायरी नारिंगी आणि राखाडी, रुळांच्या लाल आणि काळी.

जुन्या इंजिनात डिकोडर बसवण्याआधी मोटरीचं प्रत्येक टर्मिनल आणि धातूची चौकट यांच्यात मोजा. जुन्या मोटरींत एक ब्रश चौकटीलाच जोडलेला असतो. तो वेगळा केल्याशिवाय वीज दिली की डिकोडर त्याच क्षणी जळतो. आणि डिकोडर नसलेलं साधं इंजिन डिजिटल रुळावर ठेवू नका. ते जागेवर गुणगुणत राहतं आणि मोटर तापते.

## "एवढं करण्यापेक्षा नवी मोटर टाकली तर?"

वाइंडिंगची मापं चुकली, बेअरिंग झिजून दांडा डुगडुगतो, किंवा चुंबक कमजोर झाला, तर जरूर टाका. कमजोर चुंबक ओळखू येतो: मोटर मोकळी असताना वेगात फिरते, पण गाडी जोडली की दम तुटतो आणि ती लवकर तापते. जुन्या उघड्या मोटरींचा चुंबक बाहेर काढून ठेवला की तो कमजोर होतो. म्हणून साफ करताना तो काढू नका, काढावाच लागला तर लगेच जाड लोखंडी पट्टीवर चिकटवून ठेवा.

बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारी खेळण्यातली १३० नंबरची मोटर मात्र घेऊ नका. ती दीड ते सहा व्होल्टसाठी असते आणि तिचा रोध फार कमी असतो. सुरू होताना ती कित्येक अँपिअर मागेल आणि डिकोडर असेल तर त्यालाही घेऊन जाईल. मोटर १२ व्होल्टचीच हवी, आणि घेण्याआधी कॅलिपरनं तीन मापं घ्या: दांड्याचा व्यास (बहुधा १.५ किंवा २ मिलिमीटर), मोटरीची उंची, रुंदी. वर्म जुन्या दांड्यावरून ठोकून काढू नका, दांडा वाकतो. छोटा पुलर वापरा. बसवताना वर्म आणि खालचा गिअर यांच्यात कागदाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवा. अगदी घट्ट बसवलेला वर्म नवी मोटरही अडवून धरतो.

नव्या ब्रशांची टोकं कम्युटेटरच्या गोलाईला अजून जुळलेली नसतात. म्हणून पहिल्यांदा डबे न जोडता, अर्ध्या वेगानं, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे इंजिन चालवा. दर दहा मिनिटांनी थांबवून मोटरीला बोट लावून पाहा. कोमट लागली तर ठीक, बोट ठेववत नसेल तर थांबवा आणि वर्मची मोकळीक पुन्हा तपासा.